ठेका चुकला की

दिराच्या दुकानात भारीतले हेडफोन आले की पारख वहिनीकडे.

"वहिनी, बेस कुणाचा दमदार, तेवढं सांगा. दादाची कुजबुज तुम्हाला तीन खोल्यांपलीकडून ऐकू येते."

ती दर वेळी एकच रेकॉर्डिंग लावायची. त्यात बाबा बेस गिटार वाजवत होते आणि शेजारी बसून लहानगी ती पायाने ठेका धरत होती. तिचा ठेका चुकला की बाबा हात थांबवायचे. "पाय येऊ दे, मग पुढे जाऊ." या रेकॉर्डिंगच्या दिवशी तो एकदाही चुकला नव्हता, म्हणून तर त्यांनी ते जपलं होतं. आता बाबांचं तिच्याजवळ तेवढंच उरलं होतं.

पहिल्या जोडीत बेस नुसता घुमला. दुसरीत मात्र तो थेट तळव्यातून वर चढला, लहानपणी घरच्या लाकडी जमिनीतून चढायचा तसा. तिचे डोळे भरले. पाय आपसूक ठेका धरू लागला.

"कसाय?" दिराने खुणेने विचारलं. ती वळली, तसा तिचा पाय थांबला.

बेसही थांबला.

मोबाइलच्या पडद्यावर रेकॉर्डिंगचे सेकंद पुढे सरकत होते. पाय टेकवावा की हेडफोन काढावेत, तिला कळेना.

तेवढ्यात अगदी कानाशी खुर्ची करकरली, बाबा तिचा पाय बघायला वाकायचे तेव्हा करकरायची तशी.