घारे डोळे

गुहागरला विनायक ओकांनी घडीचा फोन उलगडला. वीज वाचवायला सगळ्यांचेच फोन आता शाईच्या पडद्याचे झाले होते आणि त्यांवर माणसं करडी दिसत.

“डोळे उघडलेत बाबा, बघा पटकन,” रॉटरडॅमहून मुलगी म्हणाली.

पडदा सावकाश काळवंडला, उजळला. चित्र उमटेपर्यंत तान्ह्या नातीने डोळे मिटले होते.

पत्नी गेल्यापासून ओकांच्या घरात घारे डोळे उरले नव्हते.

“घारे आहेत का गं, तुझ्या आईसारखे?”

“काळेभोर आहेत, बाबा. पुन्हा उघडले की दाखवते.”

“नको. झोपू दे तिला.”

त्यांनी घडी न घालताच फोन बंद केला आणि भिंतीला टेकवला. वीज गेली तरी शाईचं चित्र जात नाही. पडद्यावर ते डोळे मिटलेलेच राहिले.