मनातला आकडा

"मनात कोणताही एक आकडा धरा," बाहेर सोप्यावर कृष्णनाथ म्हणाले, आणि आत कमलाक्षीने गूळ-खोबरे घातलेल्या फोवांची बशी ओट्यावर आदळली.

"झालं सुरू! सकाळी हात जोडून सांगितलं, आज तरी ते आकडे नकोत. ऐकतील तर शपथ!"

"जाऊ दे गो आई." सिद्धी शांतपणे चहा गाळत होती. एका कपात तिने साखर घातली नाही.

सर्वणच्या या घरी मुलगी बघायला आलेले हे तिसरे स्थळ. चोपड्याचा परेश आणि त्याची आई यशोदाबाई. सिद्धीच्या वाळपईच्या कचेरीतल्या सेजलने ते सुचवले होते. आधीची दोन्ही स्थळे नाकारण्यासारखी नव्हती. दोन्ही वेळा कृष्णनाथांनी हाच खेळ केला, मग कौल घ्यायला देवळात एकटेच गेले आणि देवीने डावा, म्हणजे नकाराचा कौल दिल्याचे सांगत परतले. सिद्धीची तिशी जवळ आली होती. तिसऱ्यांदा डावा कौल ऐकायची कमलाक्षीची तयारी नव्हती.

बरे, खेळ तरी धड जमावा! शेजारच्या मुलांसमोर कृष्णनाथ कधी चुकत नसत. चुकत ते नेमके पाहुण्यांसमोर. आकडा कोणताही धरला तरी शेवटी पाचच उरतात, हे ऐकून ऐकून कमलाक्षीलाही पाठ झाले होते. तरी पेडण्याच्या इंजिनियरला त्यांनी ठणकावून ‘सात’ सांगितले. तो भला माणूस, "अगदी बरोबर, काका!" म्हणाला. दुसऱ्यानेही असेच सांभाळून घेतले.

ती ट्रे घेऊन बाहेर आली. मागोमाग सिद्धी.

"त्याची दुप्पट करा. दहा मिळवा. आता अर्धे करा. त्यातून मनातला आकडा वजा करा. झालं?"

"झालं," परेश म्हणाला.

"सात उरले!"

कमलाक्षीने डोळे मिटले.

"नाही काका," परेश अदबीने म्हणाला. "चुकलं तुमचं. पाच उरले."

"मेल्या, मोठ्यांना असं तोंडावर सांगतात?" यशोदाबाई दबक्या आवाजात म्हणाल्या.

सिद्धीने बिनसाखरेचा कप परेशसमोर ठेवला. पाणी आणायचे निमित्त करून कृष्णनाथ आत गेले. कमलाक्षी त्यांच्यामागे धावलीच.

"भरलं पोट? चांगली शोभा करून घेतलीत! येत नाही तर कशाला करता म्हणते मी?"

"येतं गो. मी सात मुद्दाम सांगतो." ते चक्क हसत होते. "माझी मर्जी राखायला जो पाचाचे सात करतो, तो उद्या आपल्या पोरीला काय खरं सांगणार? हा बघ. मुलगी बघायला आला, शेजारी आई बसलेली, तरी खरं बोलला."

कमलाक्षी दारात आडवी उभी राहिली.

"आणि देवीचा डावा कौल?"

कृष्णनाथांनी माठावरचे झाकण उगाच सारखे केले. "देवळापर्यंत मी गेलोच नव्हतो. या वेळी जाऊ. दोघं मिळून."

तिला संतापायचे होते. इतका साठवलेला राग, पण आता तो काढणार कोणावर? बाहेर येऊन तिने यशोदाबाईंना आग्रहाने आणखी फोव वाढले.

पाहुणे निघाले. त्यांना द्यायचा गोड नेवऱ्यांचा डबा सोप्यावरच राहिल्याचे कमलाक्षीच्या लक्षात आले. तो घेऊन ती लगबगीने फाटकाकडे गेली. यशोदाबाई गाडीत बसल्या होत्या. जास्वंदीच्या कुंपणाआड परेश सिद्धीशी हळू आवाजात बोलत होता.

"पाचच म्हणायचं होतं ना? नशीब, विसरलो नाही. पण सिद्धी, ते पाच येतात तरी कसे गो? मी आकडा धरलाच नव्हता."