भुताची बदली

अभिषेकने स्वतः काढलेला भुताचा सिनेमा मारेगावच्या मंगल कार्यालयात लागला. भूत दिसलं की लोक खिदळायचे. मध्यंतरात चहाला गेलेलं कुणी परत आलंच नाही.

बाहेर तांड्यावरचे धरमसिंगकाका भेटले.

"कसा वाटला, काका?"

"तुह्या भुताले पोट्टे बी नाई भेले, भाऊ. पण तो मुखवटा अन् पांढरं लुगडं मले दे. कापसात रानडुकरं घुसून राह्यले, वावरात उभं करतो."

पुढच्या बाजाराच्या दिवशी काकांनी भूत परत आणून दिलं.

"पळाले का डुकरं?"

"कायचे पळतात! भुताच्या समोर ठाण मांडून बसले. उजाडलं तरी हालले नाई."

अभिषेकचे डोळे चमकले.

"म्हणजे शेवटपर्यंत एकही उठलं नाही?"