देवदूताचं सहावं बोट

"वर बघा," रंगारी म्हणाला, आणि स्वतः मात्र व्याह्यांच्या तोंडाकडे बघत राहिला.

समुद्रालगतच्या त्या जुन्या चर्चच्या छतावर आठ देवदूत उडत होते. खाऱ्या हवेने मूळचं चित्र पोपडे धरून पार गळून गेलं, तेव्हा रंगाऱ्याने पाच महिने परांचीवर उताणं पडून ते नव्याने काढलं होतं. त्याला आता बावीस वर्षं झाली. मुलीचं लग्न ठरलं होतं, पण बापाची किंमत अजून ठरायची होती. व्याही निवृत्त मास्तर. चारचौघांत त्याची ओळख 'आमचे भिंतीवाले' अशी करून द्यायचे. आज त्यांना आधी छत दाखवायचं आणि मग हळूच सांगायचं, असा त्याचा बेत होता.

पण चर्च दाखवणाऱ्या गाइडने त्याच्याआधी तोंड उघडलं. "तीनशे वर्षांपूर्वीचं काम! त्या महात्म्याने साधं नावसुद्धा मागे ठेवलं नाही."

मास्तरांनी टोपी काढली. त्यांचे डोळे चक्क पाणावले.

"अशी माणसं आता जन्माला येत नाहीत," ते म्हणाले.

एवढं कौतुक रंगाऱ्याच्या वाट्याला जन्मात आलं नव्हतं, आणि आलं ते असं दुसऱ्याच्या पत्त्यावर. शेजारी उभ्या असलेल्या बायकोने त्याला कोपराने ढोसलं. "अहो, मूग गिळून काय उभे राहिलात? सांगा की!"

"हे मी काढलंय," रंगारी म्हणाला. आवाज नको तितका घुमला. पुढच्या बाकावर प्रार्थनेला बसलेल्या दोन बायकांनी वळून पाहिलं.

गाइड समजूतदारपणे हसला. "महिन्याकाठी असा एखादा येतोच."

"त्या कडेच्या देवदूताच्या डाव्या पायाला सहा बोटं आहेत. मोजा!"

"आहेतच!" गाइड उलट खुलला. "सहावं बोट म्हणजे श्रद्धा. विद्वानांनी त्यावर ग्रंथ लिहिलेत."

"कसली डोंबलाची श्रद्धा! मला शिंक आली, ब्रश घसरला. पुसायला गेलो तर जास्तच पसरलं. म्हणून मग त्याचं बोट करून टाकलं."

मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी रंगाऱ्याचा दंड धरला आणि त्याला खांबाआड नेलं.

"एवढ्या थोर माणसाच्या चुका काढू नयेत हो," ते कुजबुजले. "आपल्याला शोभत नाही."

रंगाऱ्याने बायकोकडे पाहिलं. ती गाइडकडे अशी बघत होती की त्याने आपणहून दोन पावलं मागे घेतली.

बाहेर पायऱ्या उतरताना मास्तरांना त्याची दया आली. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"मनाला लावून घेऊ नका. लग्नाआधी आमचा हॉल तुम्हीच रंगवायचा, दुसऱ्या कोणाला मी हात लावू देणार नाही," ते म्हणाले. "फक्त साधा पांढरा द्या. चित्राबित्रांच्या भानगडीत पडू नका."