खडीचा उतार

“पडलात का कधी या गाडीवरून?”

मोटरसायकलचं मागचं चाक हातानं हळूहळू फिरवत टायरवाल्यानं विचारलं. टायर मधोमध झिजून सपाट झाला होता.

तिनं सासऱ्यांकडे पाहिलं. ते दुकानाच्या दारात स्टुलावर चहा पीत बसले होते. गाडी उभ्या उभ्या कलंडली, एवढंच तिनं घरी सांगितलं होतं. टेकडीपलीकडच्या दवाखान्यात ती नर्स होती. गाडी नीट नाही म्हणून गेला आठवडाभर ती दुधाच्या टेम्पोतून जात-येत होती. टेम्पोवाला उद्यापासून दुसऱ्या रस्त्यानं जाणार होता.

“खरं सांगा बाई. कुठे आणि कशी, ते कळल्याशिवाय कुठला टायर देऊ?”

“खिंडीतल्या उतारावर,” ती म्हणाली. “खडीत. पुढचा ब्रेक दाबला गेला. मी एकीकडे पडले, गाडी घसरत कडेला गेली. पुढचं चाक... खाली काही नव्हतं त्याच्या.”

सासऱ्यांचा कप तोंडाशी जाता जाता थांबला. चहा न पिताच त्यांनी कप जमिनीवर ठेवला आणि उठून आत आले.

“सगळ्यात दणकट टायर दाखव,” ते टायरवाल्याला म्हणाले. “ट्रॅक्टरला असतात तसले.”

टायरवाल्यानं वरून एक टायर काढून पुढ्यात आपटला. त्याला जाड जाड रबरी गट्टे होते, दोन गट्ट्यांत बोट जाईल एवढी फट. “चिखलात हा राजा आहे. पण काका, डांबरावरच्या ओल्या वळणाला मग ट्रॅक्टरच्याच वेगानं जावं लागेल. तिथं हा दगा देतो. बाई, डांबर किती आणि कच्चा रस्ता किती?”

“खिंडीपर्यंत डांबर. पुढे खडी, माती. आणि तो उतार.”

त्यानं दुसरा टायर आणला. मधले गट्टे एकमेकांना चिकटून, कडेचे मोकळे मोकळे. दिसायला अगदीच साधा. तिनं हात फिरवून पाहिला. रबर गार आणि किंचित तेलकट लागलं.

“हा घसरणार नाही ना?”

“घसरतात सगळेच. पण हा आधी सांगून घसरतो. मागचं चाक जरा हलेल, तेव्हा घाबरून ब्रेक आवळू नका. आणि नवा टायर सुरुवातीला थोडा निसरडाच असतो. दमानं घ्या.”

“म्हणजे आज आणखी निसरडा?” सासऱ्यांनी विचारलं.

“आज दमानं घ्या,” टायरवाला पुन्हा म्हणाला आणि पाना शोधू लागला.

तोच साधा टायर पुढच्या-मागच्या दोन्ही चाकांना चढवून झाल्यावर सासरे मागे बसले. गावाबाहेर जिथं घराकडचा रस्ता फुटतो, तिथं त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

“सरळ घे. खिंडीत.”

“आज नको, बाबा.”

“उद्या एकटी जाशील. घरात बसून मी तो उतार बघत बसेन दिवसभर. त्यापेक्षा आज डोळ्यांनी बघू दे.”

ती सरळ गेली.

डांबर संपलं आणि चाकांचा आवाज बदलला. उताराच्या तोंडाशी तिनं गाडी उभी केली. दोन्ही पाय जमिनीला टेकवले. समोर खडी पांढरीफटक पसरली होती. तिच्यातून एक लांब ओरखडा तिरका तिरका कडेपर्यंत गेला होता. कडेच्या पलीकडे झाडांचे शेंडे दिसत होते, बुंधे दिसत नव्हते.

सासऱ्यांनी तो ओरखडा पाहिला. बराच वेळ पाहिला.

“तुम्ही उतरा,” ती म्हणाली. “चालत या मागून. मी घेते गाडी खाली.”

सासऱ्यांनी एक पाय खाली टेकवला. मग पुन्हा वर घेतला.

“नाही उतरत.”

“बाबा, वजन वाढतं.”

“वाढू दे. तू चल.”

तिनं पहिला गिअर टाकला आणि क्लच सोडला. गाडी इंजिनाच्या आधारानं गुरगुरत खाली निघाली. खडी चाकांखाली करकरत होती, दगड टणकन उडून कडेवरून खाली जात होते. ते पडल्याचा आवाज येत नव्हता. वळणाशी मागचं चाक हललं. तिच्या उजव्या हाताची बोटं आपोआप ब्रेककडे गेली. तिनं ती तशीच हवेत धरली. सासऱ्यांचा पंजा खांद्यात रुतला. चाक आणखी एकदा कडेकडे सरकलं. तिला वाटलं, आता ओरडावं. मग खाली काहीतरी पकडल्यासारखं झालं आणि गाडी सरळ झाली.

उतार संपला तसा वाराही पडला. सपाटीवर येऊन तिनं इंजिन बंद केलं. हँडलवरून हात सुटेनात. तिच्या पाठीवर सासऱ्यांचं काळीज धडधडताना तिला जाणवत होतं.

“चांगले आहेत टायर,” ते म्हणाले.

तिनं आरशात पाहिलं. त्यांचे डोळे अजून घट्ट मिटलेले होते.