दोघं एका खोलीत

सुशीलचं पत्र येऊन वर्ष झालं, तरी श्रीधरपंतांनी उत्तर लिहिलं नव्हतं. दोनच ओळींचं पत्र. 'बाबा, रजा मिळाली तर घरी येऊ का? आईला विचारून कळवा.' आईला विचारायची हिंमत झाली नाही, म्हणून कळवायचंही राहिलं.

त्याऐवजी त्यांनी विद्यापीठात नाव घातलं. शांतता आणि संघर्ष-निराकरण, एका वर्षाची पदविका. सगळी नोकरी ग्रंथालयात गेलेली; अडचण आली की आधी पुस्तकात शोधायची, ही खोड जाईना. वर्गात बाकी सगळी पोरं. त्यातला साहिल पहिल्याच दिवशी म्हणाला, "काकाजी, रिटायर झाल्यावर लोक तीर्थाले जातात. तुम्ही भांडणं शिकाले आले?" सगळे हसले. श्रीधरपंतही हसले आणि मागच्या बाकावर जाऊन बसले.

दुसऱ्या सत्रात घरचाच एखादा वाद घेऊन तो जोडीने सोडवायचा होता. त्यांच्या वाट्याला मिनल आली, कळमेश्वरची धीट पोर. त्यांनी अडखळत सांगितलं. दोन मुलं, पाठोपाठची. गाडीच्या किल्लीवरून जिन्यात जुंपली. धाकट्याचा, सुशीलचा, हात उठला. तेव्हापासून तो तिकडे वर्धा रोडला असतो. आई घरात त्याचं नाव काढू देत नाही.

"अन् मोठा?"

"आर्यन घरीच असतो. बोलत नाही."

मिनलने विचारलं, सुशीलकडे कधी जाता का? ते म्हणाले, त्या रस्त्यानेही जात नाही.

"काका, वर्गात नूपुर मॅडम काय शिकवतात? दोन्ही पक्ष एका खोलीत बसल्याशिवाय काही सुटत नाही. तुम्ही काहून मधात उभे राहून राहिले? त्या दोघांले बसवा समोरासमोर. तुम्ही बाजूले व्हा."

"आईनं हो म्हटल्याशिवाय सुशील यायचा नाही."

"मंग आर्यनले पाठवा तिकडं."

श्रीधरपंतांनी ते वहीत लिहून घेतलं. इतक्या पुस्तकांत हे त्यांना कुठे सापडलं नव्हतं.

घरी पोचले तेव्हा उत्तराबाई पानं वाढत होत्या. पहिलं ताट रोजच्यासारखं आर्यनपुढे ठेवलं. घटकाभराने तसंच उचललं.

श्रीधरपंतांनी मान खाली घालून एका दमात सगळं सांगून टाकलं. सुशीलचं पत्र, त्यातला प्रश्न, मिनलचा तोडगा. उत्तराबाईंच्या हातातला भाताचा डाव तसाच राहिला. त्या चिडल्या नाहीत. त्यांनी आर्यनकडे बघितलं.

"पाठवा त्याले," म्हणाल्या. "एका ताटात जेवलेले पोरं ते. याले तरी इथं कुठं करमून राहिलं."

सकाळी श्रीधरपंतांनी स्टुलावर चढून आर्यनला खिळ्यावरून उतरवलं. उत्तराबाईंनी हार काढला, पदराने काच पुसली. श्रीधरपंतांनी फोटो चौकटीतून सोडवला, पाठीवर लिहिलं, 'आधी याच्याशी बोल. मग घरी ये. आई हो म्हणाली.' आणि पाकिटावर सुशीलचं नाव, त्याखाली मध्यवर्ती कारागृहाचा पत्ता घालून ते सदर भागातल्या पोस्टात टाकून आले.