नदी कुणी केली

मॉडेलांच्या स्पर्धेचा परीक्षक टेबलावर वाकला आणि बराच वेळ तसाच राहिला. हातातला छोटा टॉर्च त्यानं रणगाड्यावरून एकदाच फिरवला. मग उजेड पाण्यावर आला आणि तिथून हललाच नाही.

शेजारी उभा परीक्षित त्या उजेडाकडे बघत होता. रणगाडा त्याचा होता. आठ महिने ऑफिसातून आल्यावर, वेस्ट विंडसरच्या घराच्या बेसमेंटमध्ये, डोळ्याला भिंग लावून त्यानं तो जोडला होता. एकाहत्तरच्या युद्धातला, बंगालमधली नदी पोहून ओलांडणारा भारतीय रणगाडा. लांबी वीतभर. पट्ट्याची एकेक कडी त्यानं वेगळी रंगवली होती, गंजाच्या छटा काढल्या होत्या.

नदी मात्र आश्लेषाची, त्याच्या बायकोची.

तसं ठरलं नव्हतं. आधी त्यानंच एका रिकाम्या ट्रेमध्ये, सुकल्यावर काचेसारखं घट्ट होणारं रेझिन ओतून पाहिलं होतं. पहिल्यांदा ते सुकलंच नाही, बोटाला चिकटत राहिलं. दुसऱ्यांदा इतके बुडबुडे अडकले की नदीचं सोडावॉटर झालं. त्यानं चिडून ट्रे आपटला तेव्हा आश्लेषा जिना उतरून आली. बाटलीमागची बारीक अक्षरं वाचत म्हणाली, "प्रमाण चुकतंय तुझं. दे इकडे." नागपूरला तिनं पॉलिमर केमिस्ट्रीत एम.एस्सी. केलं होतं. लग्नाआधी एका रंगाच्या कंपनीच्या लॅबमध्ये होती. इथे परदेशात ती परीक्षितच्या नोकरीमुळे मिळालेल्या डिपेंडंट व्हिसावर आली, आणि त्या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती.

तिनं पातळ पातळ थर दिले. तळाशी काळपट, वर मातकट. रणगाड्यामागे उसळणारं पाणी तिनं सुईनं ओढून ओढून उभं केलं, त्याच्या टोकांना फेस लावला.

"माझी चाकं बुडतायत," परीक्षित म्हणाला. "पाणी जरा क्लिअर ठेव ना."

"नदीच्या गढूळ पाण्यात चाकं दिसतात का कधी?"

आठ महिन्यांतले निम्मे महिने पाण्याखाली गेले. आणि भांडायचीही सोय नव्हती, कारण नदी खरी दिसत होती.

एका रविवारी त्र्यंबक जेवायला आला. परीक्षितचा ऑफिसातला मित्र. बेसमेंटमध्ये आल्या आल्या तो पाण्यात बोट घालायला गेला आणि ओरडला, "अरे, हे ओलं नाहीये! वहिनी, कमाल केलीत यार!" मग रणगाड्याकडे पाहून त्यानं विचारलं, "हा किटमध्ये रेडीमेडच मिळतो ना?"

तेव्हापासून परीक्षित नदीवर जळायला लागला. खाली गेलं की नजर आधी पाण्यावरच पडे आणि त्याचा जीव करपे. एकदा आश्लेषा दुकानात गेली असताना त्यानं काठावर लव्हाळी लावली. इतकी दाट, की मागचा फेस झाकला गेला. आश्लेषानं पाहिलं, टेबलावरचा चिमटा उचलला आणि सगळी लव्हाळी उपटली. स्पर्धेच्या कार्डावर त्यानं फक्त स्वतःचं नाव लिहिलं. तेही तिनं पाहिलं.

आता परीक्षक सरळ उभा राहिला. वॉल्टर नावाचा पांढऱ्या मिश्यांचा म्हातारा. "हू डिड द वॉटर?" त्यानं विचारलं.

आश्लेषा शेजारीच कॉफीचा कप घेऊन उभी होती.

"आय डिड," परीक्षित म्हणाला.

वॉल्टरनं मान डोलावली. एकही बुडबुडा नाही, हे कसं जमवलं, असं त्यानं विचारलं. पातळ थर दिले, परीक्षितनं सांगितलं. ते ठीक, वॉल्टर म्हणाला, पण काठाचं काय? रेझिन काठावर चढतं, तिथे चकचकीत रेघ उमटते. मी तीस वर्षं त्या रेघेशी झगडतोय. तुझ्या काठावर ती नाही. कशी काय?

परीक्षितला माहीत नव्हतं. आश्लेषा शेवटचा थर देत होती तेव्हा तो वर टीव्हीसमोर फुगून बसला होता. त्यानं तिच्याकडे पाहिलं. ती कॉफीचा घोट घेत पलीकडच्या टेबलावरचं विमान न्याहाळत होती. त्याला वाटलं, आत्ता सांगेल. आत्ता सांभाळून घेईल. ती विमानच पाहत राहिली.

वॉल्टर थांबला होता. परीक्षितचे कान तापले.

"सॉरी," तो शेवटी म्हणाला. "मी नाही केलं. हिनं केलं. नदी सगळी हिची आहे."

वॉल्टर अख्खा तिच्याकडे वळला. शेवटचा थर घट्ट व्हायला लागेपर्यंत थांबायचं, मगच ओतायचा, म्हणजे तो चढत नाही, आश्लेषा सांगायला लागली. मग बाटली आधी कोमट पाण्यात का ठेवायची, ते. बोलताना हात हलवता यावेत म्हणून तिनं कप परीक्षितच्या हातात दिला. तो कॉफी सांभाळत उभा राहिला. इतकं भरभर बोलताना त्यानं तिला या देशात कधी पाहिलं नव्हतं.

दुसरं बक्षीस मिळालं. वॉल्टरनं दोन्ही नावं पुकारली. परीक्षितच्या नावाचं पार भजं झालं. आश्लेषाचं त्यानं आधी दोनदा विचारून घेतलं होतं.

परतताना परीक्षित गाडी चालवत होता.

"मी अडकलो तेव्हा एक शब्द बोलली नाहीस," तो म्हणाला.

"बोलले असते तर नदी तुझीच राहिली असती."

सिग्नलला गाडी थांबली. "जळत होतो मी तुझ्यावर," तो पुढे बघतच म्हणाला. "स्वतःच्या बायकोवर. लाज वाटते गं."

"माहितीय मला," आश्लेषा म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "तू सकाळी गळ्यात ऑफिसचा बॅज अडकवून गाडी काढतोस, तेव्हा मी खिडकीत असते. तू हात हलवतोस. मी काही तुला टाटा करायला उभी नसते रे. जळायला लागून तुला काही महिनेच झाले. मला तीन वर्षं झाली."